‘नाही’ म्हणण्याआधी : सूक्ष्मदर्शकाच्या सरकत्या स्टेजची गोष्ट

सूक्ष्मदर्शकाचा इतिहास आपण आजवर भिंगांचा इतिहास म्हणून वाचत आलो आहोत. सतराव्या शतकातला डेल्फ्टचा कापडव्यापारी लेवेनहुक आणि त्याची मण्याएवढी भिंगे, मग एकोणिसाव्या शतकातला येना शहरातला अर्न्स्ट ॲबे आणि त्याचे प्रकाशाचे गणित, मग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक. प्रत्येक पिढीने आधीच्या पिढीपेक्षा बारीक पाहिले, अशी ती चढती कमान आहे. ती खोटी नाही. पण तिच्यात एक हिशेब झाकला जातो. भिंग जितके ताकदवान, तितका एका वेळी दिसणारा तुकडा लहान. तेल लावून वापरायच्या १०० पटीच्या ऑब्जेक्टिव्हखाली जे वर्तुळ दिसते, त्याचा व्यास साधारण ०.२ मिलिमीटर असतो. काचपट्टीवर थुंकीचा नमुना पसरतात तो २ सेंटिमीटर रुंद आणि ३ सेंटिमीटर लांब. म्हणजे त्या एका नमुन्यात अशी सुमारे १९,००० वर्तुळे मावतील.

तांदूळ निवडणाऱ्या बाईचा अनुभव इथे उपयोगी पडतो. सुपात एक खडा दिसला की ‘खडे आहेत’ असे ती त्या क्षणी सांगू शकते. ‘खडे नाहीत’ हे सांगायला मात्र तिला सगळे सूप नजरेखालून घालावे लागते. ‘आहे’ला एक दाणा पुरतो, ‘नाही’ला सगळे सूप लागते. सूक्ष्मदर्शकाचेही तसेच आहे. ‘आहे’ हे भिंगाचे काम. ‘नाही’ हे भिंगाखालच्या त्या चौकोनी बैठकीचे काम, जिच्यावर काचपट्टी ठेवून ती इकडेतिकडे सरकवतात. प्रयोगशाळेत तिला सगळे ‘स्टेज’च म्हणतात. भिंगाच्या मानाने ती अगदी दुय्यम, लोखंडी, कुणाच्या चरित्रात न येणारी वस्तू. ती हाताने सरकत होती ते दिवस आणि ती आपोआप सरकू लागून हजारो तुकड्यांचे एक अखंड चित्र शिवले जाऊ लागले ते दिवस, या दोहोंमधला प्रवास या लेखात मांडायचा आहे. ‘इथे काही नाही’ असे म्हणण्याचा अधिकार माणसाने कसा कमावला, याचा तो इतिहास आहे.

हातशिलाई

लेवेनहुकच्या उपकरणात स्टेज अशी नव्हतीच. पितळेच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये एक भिंग, त्यासमोर एक टोकदार सुई, आणि त्या सुईला वर-खाली, पुढे-मागे करणारे स्क्रू. वस्तू सुईच्या टोकाला चिकटवायची आणि स्क्रू फिरवत तिची बाजू बदलायची. पाहण्याची कला पुष्कळशी त्या स्क्रू फिरवणाऱ्या बोटांत होती.

रॉबर्ट हूकचे ‘मायक्रोग्राफिया’ हे पुस्तक लंडनमध्ये १६६५ साली आले. त्यातले उवेचे चित्र पुस्तकाच्या पानात मावत नाही. ते घडी घातलेले आहे आणि उलगडले की सुमारे दीड फूट लांब होते. हे एका नजरेत दिसलेले दृश्य नव्हे. एकच वस्तू निरनिराळ्या उजेडात, निरनिराळ्या बाजूंनी अनेकदा पाहून तिचे खरे रूप मनात ठरल्याशिवाय आपण चित्र काढायला घेत नाही, असे हूकनेच प्रस्तावनेत सांगितले आहे. तुकडे डोळ्याने गोळा करायचे, मनात जोडायचे आणि कागदावर एक अखंड ऊ काढायची, ही हातशिलाई होती. तिची शिवण चित्रात दिसत नाही आणि तपासताही येत नाही. हूकवर विश्वास ठेवायचा, एवढेच वाचकाच्या हाती.

एकोणिसाव्या शतकात सूक्ष्मदर्शक घराघरांतल्या हौशी लोकांच्या हाती गेला, तेव्हा दुसरी अडचण पुढे आली. काल रात्री पाहिलेला सुंदर डायटम आज सापडत नाही. मित्राला काचपट्टी पाठवली, पण त्यात काय कुठे पाहायचे हे कसे कळवायचे? १८५८ साली इंग्लंडमध्ये माल्टवुड याने यावर एक तोडगा सुचवला. काचेच्या पट्टीवर एका चौरस इंचात फोटोग्राफीने उमटवलेले २,५०० चौकोन आणि प्रत्येकात त्याचा क्रमांक. हवी ती जागा भिंगाखाली आणायची, स्टेज न हलवता नमुना काढून ही पट्टी ठेवायची आणि दिसणारा क्रमांक टिपून घ्यायचा. गावाच्या नकाशात गट नंबर पडावेत तसे काचेवर नंबर पडले. जागेला पत्ता मिळाला. पुढे स्टेजवर मिलिमीटरच्या खुणा आणि दातेरी चाके आली. पण चाके फिरवणारा हात आणि पाहणारा डोळा माणसाचाच राहिला.

शंभर क्षेत्रे

रोनाल्ड रॉस याने २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत डासाच्या जठराच्या भिंतीत मलेरियाच्या परजीवीचे रंगद्रव्य असलेल्या पेशी पाहिल्या. हा ‘आहे’चा क्षण सर्वांना माहीत आहे. त्याआधीची दोन वर्षे ‘नाही’ची होती. डास फाडायचा, जठर काचेवर पसरायचे, सगळे तपासायचे आणि ‘नाही’ अशी नोंद करायची. पंखा चालू ठेवला तर फाडलेला डास उडून जाई, म्हणून उकाड्यात पंखा बंद. कपाळाच्या आणि हातांच्या घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले आणि उरलेल्या एकमेव आयपीसला तडा गेला, असे रॉसने आपल्या आठवणींत लिहिले आहे. त्या गंजक्या स्क्रूंवर फिरणारी बोटे मधेच थकून काठ सोडून देती, तर शोध पुढे ढकलला गेला असता आणि ते कोणाला कळलेही नसते.

आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यांत क्षयासाठी थुंकी तपासण्याचा जो नियम रुजला, तो याच अडचणीवरची तडजोड आहे. जंतू दिसला नाही असा शेरा देण्याआधी तंत्रज्ञाने निदान १०० क्षेत्रे पाहिली पाहिजेत. वर दिलेले माप घेऊन हिशेब केला तर १०० क्षेत्रे म्हणजे सुमारे ३ चौरस मिलिमीटर, आणि नमुना ६०० चौरस मिलिमीटरचा. म्हणजे नियम तंतोतंत पाळूनही पसरलेल्या नमुन्यातला अर्धा टक्का भाग पाहिला जातो. ‘निगेटिव्ह’ या शब्दाचा खरा अर्थ ‘या अर्ध्या टक्क्यात दिसला नाही’ असा आहे. अधिक पाहायला सांगावे, तर डोळे साथ देत नाहीत. एका तंत्रज्ञाने दिवसात २०-२५ पेक्षा जास्त अशा काचपट्ट्या पाहू नयेत असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. म्हणूनच एकापेक्षा अधिक नमुने घेतात आणि आता रेणवीय चाचण्यांकडे वळले आहेत.

ही तडजोड पैशाच्या गणितात अडकली की काय होते, ते अमेरिकेत दिसले. जॉर्ज पापानिकोलाऊ याने रुजवलेल्या चाचणीत गर्भाशयमुखाच्या पेशी काचेवर पसरून पाहतात. एका काचेवर ५०,००० ते ३,००,००० पेशी असतात आणि त्यांतल्या मोजक्याच बिघडलेल्या असू शकतात. १९८७ साली ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने एक मालिका छापली. काही प्रयोगशाळांत नगावर मजुरी देऊन तंत्रज्ञांकडून बेसुमार काचपट्ट्या तपासून घेतल्या जात होत्या, घाईत कर्करोगाच्या पेशी नजरेतून सुटत होत्या, आणि ‘काही नाही’ असा कागद हाती घेऊन बायका निर्धास्त घरी जात होत्या. दुसऱ्या वर्षी तिथे कायदा झाला. एका तंत्रज्ञाने २४ तासांत १०० पेक्षा जास्त काचपट्ट्या तपासायच्या नाहीत, ही मर्यादा त्यातून आली. चुकलेला ‘आहे’ दुसऱ्या तपासणीत सुधारतो. चुकलेला ‘नाही’ मात्र दुसरी तपासणीच होऊ देत नाही.

हे काम यंत्राकडून करून घेण्याची कल्पना त्याआधीच निघाली होती. १९५०च्या दशकात अमेरिकेत ‘सायटोॲनलायझर’ नावाचे यंत्र बनले. ते काचपट्टी आपोआप सरकवून पेशींच्या केंद्रकाचा आकार आणि गडदपणा मोजत असे. चाचणीत ते टिकले नाही. एकमेकांवर चढलेल्या निरोगी पेशींना आणि धुळीच्या कणांनाही ते संशयित ठरवू लागले. सरकवणे यंत्राला जमले, ओळखणे जमले नाही.

दोन तुकड्यांतला माग

स्टेज आपोआप चालवण्याची खरी निकड दवाखान्यांइतकीच एका वेगळ्या दालनात भासत होती. ते दालन म्हणजे विश्वकिरणांचा अभ्यास.

फोटोच्या काचेवरचा जाड थर, ज्याला इमल्शन म्हणतात, त्यातून विद्युतभारित कण गेला की वाटेतले चांदीच्या संयुगाचे कण बदलतात. काच धुतली की त्या वाटेवर काळ्या ठिपक्यांची ओळ उमटते. व्हिएन्नात मारिएटा ब्लाउ आणि हेर्टा वामबाखर यांनी डोंगरावर ठेवलेल्या अशा काचांत १९३७ साली अणुकेंद्रक फुटल्याच्या चांदण्या दाखवल्या. पुढच्याच वर्षी ज्यू असलेल्या ब्लाउला देश सोडावा लागला. कोलकात्यात देवेंद्रमोहन बोस आणि बिभा चौधुरी यांनी दार्जिलिंग आणि संदकफूच्या उंचीवर काचा ठेवल्या आणि त्यांतल्या मागांवरून प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांच्या मधल्या वजनाच्या कणाचा अंदाज बांधला. १९४०-४२च्या सुमारास त्यांचे निबंध ‘नेचर’मध्ये आले. युद्धकाळात अधिक संवेदनक्षम काचा मिळेनात आणि काम तिथे थबकले.

युद्ध संपल्यावर ब्रिस्टलमध्ये सेसिल पॉवेलच्या गटाला नव्या घट्ट इमल्शनच्या काचा मिळाल्या. फ्रान्समधल्या पिक द्यु मिदीवर आणि पुढे बोलिव्हियातल्या चाकालताया पर्वतावर त्या ठेवल्या गेल्या. १९४७ साली त्यांत पायऑन हा कण सापडला. तो थांबतो, विरतो आणि त्यातून म्यूऑन निघतो. काचेवर एक माग संपतो आणि तिथूनच दुसरा फुटतो.

हे पाहिले कोणी? पॉवेलने स्त्रियांची एक तुकडी कामाला ठेवली होती. त्यांना ‘स्कॅनर’ म्हणत. उजव्या-डाव्या हातांनी स्टेजची दोन चाके फिरवत काचेचा एकेक पट्टा संपवायचा, मधेमधे फोकसचे चाक सतत वर-खाली करायचे, कारण इमल्शनला खोली असते आणि माग तिरपा जातो. वेगळे काही दिसले की जागेचे आकडे वहीत लिहायचे. पायऑनपासून म्यूऑन फुटल्याचा पहिला माग मारिएटा कुर्झ हिच्या नजरेस पडला. शोधनिबंधाच्या वर तिचे नाव नाही. छायाचित्रांखाली मात्र निरीक्षण करणारीचे नाव देण्याची पद्धत ब्रिस्टलने पाळली. ‘मिसेस आय. पॉवेल’ असे पॉवेलच्या पत्नीचे, इसोबेलचे, नाव तसेच छापलेले आहे. १९५०चे नोबेल पारितोषिक एकट्या पॉवेलला मिळाले. त्याने १९५९च्या आपल्या ग्रंथात बोस आणि चौधुरी यांच्या आधीच्या कामाची नोंद घेतली आहे.

या निबंधातल्या छायाचित्रांकडे नीट पाहिले तर आपल्या विषयाचा गाभा तिथे सापडतो. थांबलेल्या पायऑनमधून निघालेला म्यूऑन इमल्शनमध्ये सुमारे ०.६ मिलिमीटर धावतो. भिंगाचे क्षेत्र त्याहून कितीतरी लहान. म्हणजे एका नजरेत हा माग मावतच नाही. शिवाय तो वर-खाली जात असल्याने एका फोकसला त्याचा एकच तुकडा स्पष्ट दिसतो. म्हणून स्टेज सरकवत, फोकस बदलत अनेक फोटो काढायचे, छापील कागद कात्रीने कापायचे आणि एकाशेजारी एक चिकटवून अखंड माग तयार करायचा. एका छायाचित्रात म्यूऑनचा माग दोन भागांत छापला आहे आणि सांधा कुठे जुळवायचा ते एका अक्षराने आणि बाणाने दाखवले आहे. हूकची शिवण दिसत नव्हती. ही शिवण उघड दाखवलेली आहे.

हा सांधा शोभेचा नव्हता. वेगवेगळ्या घटनांत म्यूऑनची धाव पुन्हा पुन्हा जवळजवळ तेवढीच भरत होती. विरताना फक्त दोनच कण तयार होत असतील तरच असे होते. म्हणजे न दिसणारा असा एकच दुसरा कण तिथे आहे. हा निष्कर्ष मागाच्या पूर्ण लांबीवर उभा होता. एखादे क्षेत्र सुटले किंवा सांधा चुकीचा जुळला, तर लांबी बदलली असती आणि निष्कर्षही.

मुंबईचा या कामाशी जवळचा संबंध आहे. बिभा चौधुरी १९४९ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आल्या, तिथल्या त्या पहिल्या महिला संशोधक. संस्था तेव्हा अपोलो बंदरवरच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत होती. १९५०च्या दशकात बर्नार्ड पीटर्स यांच्याबरोबर देवेंद्र लाल, यश पाल यांच्यासारख्या तरुणांनी तिथे इमल्शनचे मोठे काम उभे केले. बलूनमधून आकाशात पाठवलेले इमल्शनचे थर खाली उतरवून सूक्ष्मदर्शकाखाली वाचायचे. तोवर काच गेली होती आणि इमल्शनचे नुसते तावच एकावर एक रचून गठ्ठे केले जात. एका तावातून बाहेर पडलेला माग खालच्या तावात नेमका कुठे शिरला हे कळावे म्हणून तावांवर बारीक आकड्यांची जाळी छापत. धुतल्यावर इमल्शन आकसते, कडा वाकतात, तेही हिशेबात धरावे लागे. इथे शिवण तिसऱ्या दिशेनेही घालावी लागत होती. १९५४ साली इटलीत बलूनने उडवलेला एक गठ्ठा तर ६० किलोहून अधिक वजनाचा होता. वाचायला अनेक देशांतल्या प्रयोगशाळांनी तो वाटून घेतला. डोळे कमी पडू लागले होते.

नागोयाची यंत्रे

पुढच्या काळात बहुतेक प्रयोगशाळांनी इमल्शन सोडले. बुडबुड्यांची पेटी आली, इलेक्ट्रॉनिक शोधक आले. जपानमधल्या नागोया विद्यापीठाने मात्र ते धरून ठेवले. १९७१ साली कियोशी निऊ यांना इमल्शनमध्ये एक अनोखी घटना सापडली होती. १९७४ साली किमिओ निवा यांनी सहकाऱ्यांसह इमल्शन आपोआप वाचण्याची योजना मांडली. तिला प्रत्यक्ष रूप यायला १९८०चे दशक उजाडले.

सायटोॲनलायझर जिथे अडखळला ते ओळखण्याचे काम निवा यांनी फार सोप्या विचाराने सोडवले. माणूस माग ओळखतो कारण ठिपके एका ओळीत असतात. मग यंत्राने एकाच जागी फोकस बदलत इमल्शनच्या खोलीतले १६ फोटो घ्यावेत. हे फोटो एकमेकांवर ठेवून थोडेथोडे सरकवत जावे. सरकवण्याची दिशा मागाच्या तिरपेपणाशी जुळली की सोळाही थरांतले ठिपके एकाच बिंदूवर येतात आणि तो बिंदू उजळतो. इतस्तत: विखुरलेले ठिपके असे जुळत नाहीत. स्कॅनर बाईच्या बोटांखाली वर-खाली होणारे फोकसचे चाक इथे गणितात उतरले.

फळ २००० साली मिळाले. अमेरिकेतल्या फर्मीलॅबमध्ये केलेल्या ‘डोनट’ या प्रयोगाने टाउ न्यूट्रिनो या कणाचे पहिले थेट पुरावे जाहीर केले. इमल्शनमध्ये जागा निश्चित केलेल्या २०३ घटनांपैकी ४ घटनांत टाउचा तो जेमतेम मिलिमीटरभराचा वाकडा माग होता. पुढचा प्रयोग ‘ओपेरा’. जिनिव्हाजवळच्या सर्नमधून सोडलेला न्यूट्रिनोंचा झोत जमिनीखालून ७३० किलोमीटर जाऊन इटलीतल्या ग्रान सास्सो पर्वताखाली ठेवलेल्या सुमारे १,५०,००० विटांवर पडे. प्रत्येक विटेत शिशाचे ५६ पत्रे आणि इमल्शनच्या ५७ फिल्मा. विटेशेजारची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा ‘या विटेत बघा’ असे सांगे आणि तेवढ्याच विटा काढून वाचल्या जात. तरीही हे काम हातांच्या आवाक्याबाहेरचे होते. युरोपातली यंत्रे तासाला २० चौरस सेंटिमीटर वाचत. नागोयाचे यंत्र त्याहून वेगवान होते, कारण त्यात स्टेज थांबतच नसे. फोटो घेतेवेळी ऑब्जेक्टिव्ह स्टेजच्याच वेगाने तिच्याबरोबर सरके, म्हणून चित्र हलत नसे. धावत्या गाडीबरोबर धावत डब्यातल्या माणसाशी बोलावे, तसे. २०१८ पर्यंत ‘ओपेरा’ने टाउ न्यूट्रिनोच्या १० घटना दाखवल्या. त्याच सुमारास नागोयाच्या नव्या यंत्राने तासाला ४,७०० चौरस सेंटिमीटरचा वेग गाठला. त्याच्या भिंगाचे क्षेत्र सुमारे ५ मिलिमीटर रुंद आहे आणि ते ७२ कॅमेरा चिपा वाटून घेतात.

शिवण कशी बसते

दवाखान्याकडे परत येऊ. आज मोठ्या रुग्णालयांत काचपट्टीचे संपूर्ण चित्र घेणारे स्कॅनर आले आहेत. अशा चित्रावरून प्राथमिक निदान करायला अमेरिकेच्या नियामकाने एका यंत्राला प्रथम २०१७ साली परवानगी दिली. दीड सेंटिमीटर लांब-रुंद ऊतीचा तुकडा ४० पटीच्या ताकदीने टिपायचा, तर चित्रातला प्रत्येक ठिपका ०.२५ मायक्रॉनचा. म्हणजे बाजूला ६०,००० ठिपके आणि एकूण ३६० कोटी. कॅमेरा एका वेळी अर्धा मिलिमीटर टिपत असेल, तर कडेची थोडी पुनरावृत्ती धरून हजाराच्या आसपास फोटो लागतात.

हे फोटो घेण्यासाठी स्टेजला दोन लहान मोटारी जोडतात. मोटार पावलापावलाने फिरते. एका फेऱ्यात २०० पावले आणि एका फेऱ्यात स्क्रू १ मिलिमीटर पुढे, तर एक पाऊल ५ मायक्रॉनचे. त्याहून बारीक पाऊलही टाकता येते, पण स्क्रू आणि नट यांच्यात थोडी मोकळीक राहतेच. दिशा उलटली की ती मोकळीक भरून निघेपर्यंत स्क्रू फिरतो आणि स्टेज जागीच राहते. शेतात नांगरताना एका तासाच्या शेवटी बैल वळवून शेजारून उलट येतात, तसे स्टेजला नागमोडी नेले तर वेळ वाचतो, पण एकाआड एक ओळी सरकतात. दर वेळी एकाच बाजूने आत शिरले तर वेळ जातो, पण ओळी नीट बसतात. स्टेज ४ मायक्रॉनने चुकली, तर चित्रात १६ ठिपक्यांची फट पडते. पेशीचे केंद्रक दुभंगते किंवा दोनदा दिसते.

म्हणून स्टेजच्या शब्दावर विसंबायचे नाही, हा शिवणीचा पहिला नियम. दोन शेजारी फोटोंत १०-२० टक्के भाग सामाईक ठेवतात. त्या सामाईक भागातली नक्षी एकमेकीवर सरकवून ती कुठे तंतोतंत बसते ते गणिताने शोधतात. या गणिताची एक फार वापरली जाणारी रीत कुग्लिन आणि हाइन्स यांनी १९७५ साली मांडली. पण एवढ्याने भागत नाही. पहिला फोटो दुसऱ्याशी, दुसरा तिसऱ्याशी, असे जोडत गेले तर प्रत्येक जोडातली बारीक चूक साचत जाते, आणि फेरा पूर्ण करून पहिल्या फोटोपाशी परत आलो की कडा जुळत नाही.

जमीन मोजणाऱ्यांना हे दुखणे जुने आहे. १८०२ साली मद्रासजवळ लॅम्ब्टनने सुरू केलेल्या हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीत हाच प्रश्न होता. त्रिकोणाला त्रिकोण जोडत शेकडो मैल गेल्यावर दुसऱ्या ठिकाणची मोजलेली पायारेषा आणि हिशेबातून आलेली तिची लांबी यांत फरक निघे. हा फरक एका त्रिकोणाच्या माथी मारायचा नाही, सगळ्यांत रीतीने वाटून द्यायचा. ड्रेस्डेनच्या संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेली आणि आज जगभर फुकट वापरली जाणारी शिवणीची आज्ञावली हेच करते. सगळे जोड एकदम विचारात घेऊन प्रत्येक फोटोची जागा अशी ठरवते की एकूण विसंगती कमीत कमी राहील.

यंत्रे आता स्वस्तही होत आहेत. इंग्लंडमध्ये बनलेल्या ‘ओपनफ्लेक्शर’ या मुक्त आराखड्याच्या सूक्ष्मदर्शकाची स्टेज प्लास्टिकची आहे आणि त्रिमितीय छपाईने घडते. तिचे भाग एकमेकांवर घसरत नाहीत. प्लास्टिकच्या पातळ पट्ट्या वाकतात आणि काचपट्टी सरकते. टांझानियात मलेरियाचे रक्त तपासण्यासाठी तो वापरून पाहिला गेला आहे. रॉसच्या गंजक्या स्क्रूपासून इथवर सव्वाशे वर्षे लागली.

कोऱ्या जागेचा साक्षीदार

मग आता ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार पूर्ण मिळाला का? यंत्र थकत नाही, काठ सोडत नाही, नगावर मजुरी मागत नाही. सगळी काच पाहिली गेली हे ते आकड्यांनिशी दाखवू शकते. मारिएटा कुर्झने काय पाहिले हे तिच्या वहीतून कळते, काय पाहिले नाही ते कळत नाही. यंत्राच्या चित्रात दहा वर्षांनीही कोणी दुसरा तज्ज्ञ तीच जागा उघडून म्हणू शकतो, की इथे काहीतरी होते. ही कमाई लहान नव्हे. ‘नाही’ हे विधान पहिल्यांदाच दुसऱ्याला तपासता येऊ लागले.

पण दोन गोष्टी विसरू नयेत. पहिली खोलीची. बरेचसे स्कॅनर प्रत्येक जागी एकाच फोकसला फोटो घेतात. पातळ कापलेल्या ऊतीला ते चालते. जाड पसरलेल्या पेशींत मात्र वरच्या किंवा खालच्या थरातली पेशी धूसर राहते. स्कॅनर बाईचा हात फोकसच्या चाकावरून कधी उचलला जात नसे, हे निवा यांनी ओळखले होते. म्हणून त्यांनी एका जागेचे १६ फोटो घेतले.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. शिवण नक्षीच्या आधाराने बसते. जिथे पेशी आहेत, ठिपके आहेत, तिथे गणित जागा पक्की करू शकते. जिथे कोरी काच आहे, तिथे जुळवायला काहीच नसते. तिथे आज्ञावलीला शेवटी स्टेजचाच शब्द मानावा लागतो. शिवाय वेळ वाचवण्यासाठी पुष्कळ यंत्रे आधी कमी ताकदीने एक झटपट फोटो घेतात, ऊती कुठे आहे ते ठरवतात आणि उरलेला भाग सोडून देतात. फिकट रंगलेला चरबीचा तुकडा अशा वेळी कोरी काच समजला जाऊ शकतो. म्हणजे ज्या जागेबद्दल ‘काही नाही’ म्हणायचे, नेमकी तीच जागा यंत्राने सर्वांत कमी पाहिलेली असते. सुपातला कोपरा निवडायचा राहिला की नाही, हे विचारणारे माणूस म्हणूनच अजून लागते.

रिकामी जागा नीट पाहिल्यावर काय हाती लागते, याचे उदाहरण २०१७ साली जगाने पाहिले. इजिप्तमधल्या खुफूच्या पिरॅमिडमध्ये, राणीचे दालन म्हणतात तिथे, नागोयाच्या संशोधकांनी इमल्शनच्या फिल्मा पसरून ठेवल्या. आकाशातून येणारे म्यूऑन दगडांतून जाताना काही अडतात, काही पार होतात. एका दिशेने अपेक्षेपेक्षा अधिक म्यूऑन आले, म्हणजे त्या दिशेला दगड कमी आहे. फिल्मा नागोयाला नेऊन यंत्राखाली वाचल्या, माग मोजले, आणि मोठ्या दालनाच्या वर निदान ३० मीटर लांबीची पोकळी असल्याचे कळले. दुसऱ्या दोन प्रकारच्या शोधकांनीही तेच सांगितले, तेव्हा ‘नेचर’मध्ये निबंध आला. हे म्यूऑन वरच्या हवेत विरणाऱ्या पायऑनमधून निघालेले असतात. त्यांच्याच एका भाईबंदाचा माग १९४७ साली ब्रिस्टलमध्ये दोन तुकड्यांत छापून, बाण काढून जोडला गेला होता. दगडांच्या त्या डोंगरात ‘इथे काही नाही’ असे ठामपणे सांगता आले, कारण बाकी सगळीकडे काय आहे ते एकही क्षेत्र न वगळता वाचले गेले होते.